चहा सांडलेला झेब्रा

४ मार्च

ज्यांच्या वडिलांनी आयुष्यात कधी कशाचं स्पष्टीकरण दिलं नाही, अशा तमाम मुलांनो,

म्हणजे तू आणि मी. श्रोते एवढेच आहेत, पण मला त्याचं काही नाही. एकदा माझ्या सभेला फक्त हॉलचा रखवालदार आला होता आणि त्याच्यापुढेही मी पाऊण तास बोलले. शेवटी त्याने टाळ्या वाजवल्या, बहुधा कुलूप लावायची वेळ झाली होती म्हणून.

आपली तक्रार एकच आहे, घुम्या, हे तरी तू नाकारणार नाहीस. इतरांचे वडील मुलांना सांगायचे, हे असं का, ते तसं का. आपले बाबा संग्रहालयातून घरी यायचे, हातांना डिंकाचा आणि औषधाचा वास, आणि आज काय केलं विचारलं की म्हणायचे, "काम." कोल्ह्याचे डोळे कुठून आणता? "खोक्यातून." विषय संपला. तू त्यांच्याच वळणावर गेलास, नोकरीही त्याच संग्रहालयात धरलीस. मी त्या शांततेला वैतागून व्यासपीठावर चढले, ती चढलेच.

अकरा वर्षांनी लिहिते आहे तर मुद्द्यावर येते. बाबांना मी आफ्रिकेत घेऊन जाणार आहे. राष्ट्रीय उद्यान, उघड्या बाजूंची गाडी, मोकळी जनावरं. ज्या माणसाने चाळीस वर्षं मेलेल्या प्राण्यांची कातडी साच्यांवर चढवली, त्यांचे कान शिवले, नाकपुड्या रंगवल्या, त्याने एकही रानातला प्राणी जिवंत पाहिलेला नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. आठवतं ना, घरात 'पेंढा' शब्द काढायची सोय नव्हती. आत पेंढा नसतो, लाकूड आणि प्लास्टर असतं. बाबांच्या तोंडून मी रागाने ऐकलेलं वाक्य ते एवढंच.

घाई का, ते तुला माहीत आहे. मलाही कळलं आहे. तुझ्या बायकोवर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, बाबांची मधली नजर चालली आहे. कडेचं दिसतं, समोरचं विरघळतं. वर्षअखेरीपर्यंत बारीकसारीक काही दिसणार नाही. म्हणजे जायचं तर याच कोरड्या हंगामात, ऑगस्टमध्ये. तेव्हा तिकडचं गवत वाळून आडवं झालेलं असतं, झुडपांना पानं नसतात, पाणी मोजक्याच जागी उरतं आणि जनावरांना तिथे यावंच लागतं.

बाबा तुझ्याकडे राहतात, म्हणून विचारते. पासपोर्टची मुदत आहे का? गुडघे कसे आहेत, गाडीत चढायला तीन पायऱ्या असतात. सलग चार तास बसू शकतात का? औषधं कुठली? मलेरियाच्या गोळ्या त्यांच्या औषधांबरोबर चालतील का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारावं लागेल. खर्चाचं मी बघते, तो विषय काढू नकोस.

विशेष अमुकच पाहायचं आहे असं काही नाही. सिंह, हत्ती, समोर येईल ते.

तुझी ताई
(भोंगा म्हणालास तरी चालेल. पूर्वी म्हणायचासच.)


१९ मार्च

घुम्या,

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस. तुझ्या बायकोने मात्र फोनवर एका ओळीचा निरोप पाठवला: "हे विचारतात, तिथे तुमचं भाषण आहे का?"

मी इतकी हसले की शेजारीण दार वाजवून गेली. अरे, भाषण? मला जे नियम पाठवले आहेत ते वाच एकदा. गाडीत उभं राहायचं नाही. हात बाहेर काढायचे नाहीत. जनावर जवळ असताना बोलायचं नाही. कुजबुजायचं तेही वाटाड्याने खूण केली तर. मी ते पान मोठ्याने वाचत होते आणि निम्म्यावर लक्षात आलं की हे आपल्याला लागू आहे. तुम्हा दोघांना त्या गाडीत स्वर्ग सापडेल. माझी मात्र परीक्षा आहे.

पण काय मजेशीर जग आहे ते. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि दुसरं कोण आहे ज्याला हे सांगावं? निळे आणि काळे कपडे नेऊ नका म्हणतात, कारण तिथल्या एका चावऱ्या माशीला गडद निळा नि काळा रंग आवडतो. माझ्या कपाटात दुसरं आहे काय? सगळ्या सभांच्या साड्या निळ्या नाहीतर काळ्या. शेवटच्या टप्प्याला लहान विमान असतं, त्यात कडक बॅगा चालत नाहीत, कापडी मऊ पिशवीच हवी, कारण सामान विमानाच्या पोटात दाबून कोंबतात. मी घरातली जुनी पिशवी भरून पाहिली. पुस्तकं बाहेर काढेपर्यंत ती मऊ होईना. शेवटी दोनच ठेवली, तीही बारीक.

तिथल्या तंबूनिवासाच्या कचेरीत एक बाई आहे, सगळ्या पाहुण्यांची आखणी तीच करते. फोनच्या पडद्यावर बोललो. मागे भिंतीवर मोठा नकाशा, टेबलावर पंखा, आणि बोलता बोलता ती एका हाताने कागद दाबून धरते. तिने पहिला प्रश्न केला: "तुम्हाला काय पाहायचं आहे? एकच सांगा. सगळ्या पाहुण्यांना मी हेच विचारते, म्हणजे निदान एक गोष्ट तरी नीट दाखवता येते."

मी म्हटलं, झेब्रा.

ती हसायलाच लागली. म्हणाली, सतरा वर्षांत कुणी झेब्रा मागितला नाही. सिंह मागतात, चित्ता मागतात, एका जोडप्याने गेंडा पाहिल्याशिवाय परत जायला नकार दिला होता. झेब्रा तर धावपट्टीवरच उभा असतो, विमान उतरण्याआधी त्याला हाकलावं लागतं. मग तिने विचारलं, झेब्राच का. मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं.

तुला थातुरमातुर चालणार नाही. हो, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पाहायचं आहे ते अमुकच आहे. हे उद्यान मी मोठ्या कळपांसाठी निवडलं असं सगळ्यांना सांगते, पण खरं कारण त्यांच्या माहितीपत्रकाचं मुखपृष्ठ. त्यावर तीन झेब्रे आहेत, पाठमोरे. काळा, पांढरा, काळा, पांढरा. मध्ये कुठे काही नाही. मी ते पान किती वेळा उघडून बसले ते विचारू नकोस.

पासपोर्टचं कळव.

ताई


२ एप्रिल

घुम्या,

अखेर तुझं पत्र आलं. तीन ओळी आहेत, म्हणजे तुझ्या हिशेबाने ग्रंथच. "बाबा येणार नाहीत. तू तेव्हा त्यांना अडीचशे माणसांसमोर खोटं पाडलंस, आता तिथे नेऊन जनावरासमोर खोटं पाडणार आहेस. त्यांना सुखाने आंधळं होऊ दे."

शेवटचं वाक्य वाचून मी पत्र उलटं ठेवलं आणि बाहेर जाऊन आले. आता उत्तर देते.

त्या संध्याकाळबद्दल आपण कधी बोललोच नाही, तेव्हा आज मी माझ्या बाजूने सांगते, तू तुझ्या बाजूने सांग. संग्रहालयातलं प्राण्यांचं दालन बंद करावं आणि तिथे गावासाठी वाचनालय उघडावं, ही आमची मागणी होती. आजही आहे. कुणाच्या तरी दिवाणखान्याची हौस म्हणून मारलेली जनावरं काचेमागे उभी करायची आणि पोरांना सांगायचं, हा निसर्ग बघा, हे मला तेव्हाही हिडीस वाटायचं, आजही वाटतं. त्यात मी एक अक्षर मागे घेणार नाही. सभा त्याच दालनात ठेवली होती. खुर्च्या हरणांच्या आणि अस्वलाच्या मधून मांडल्या होत्या. मी बोलत होते, लोक ऐकत होते, पण पेटत नव्हते. वक्त्याला ते कळतं. हात कोरडे पडतात. आणि माझ्या डाव्या हाताला झेब्रा होता.

तो झेब्रा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उजेडाने त्याचे रंग उडायचे आणि दर दोन-तीन वर्षांनी बाबा बसून बारीक ब्रशाने पट्टे पुन्हा भरायचे. काळे तर भरायचेच, पण मागच्या अंगावर, दोन काळ्यांच्या मधल्या पांढऱ्यात, ते एक फिकट तपकिरी रेघही भरायचे. शिवाय पायांचे पट्टे गुडघ्याखाली आल्यावर विरून जायचे. मला वाटायचं ब्रश थकला. मी हात वर केला आणि म्हणाले, "या संग्रहालयाचं ज्ञान बघायचं असेल तर हा प्राणी बघा. झेब्रा काळा-पांढरा असतो हे बालवाडीतल्या पोराला कळतं. इथे मात्र झेब्र्यावर चहा सांडलाय, आणि घाईत त्याला पायमोजे घालायचे राहिलेत."

दालन कोसळलं. अडीचशे माणसं हसली. पुढचा अर्धा तास मी म्हणेन ते त्यांनी मान्य केलं असतं. आणि बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते, ते मला हशा ओसरल्यावर दिसलं.

हे मी तुझ्यापासून लपवत नाही, बघ. पण तूही काही लपवू नकोस. सगळीकडे 'चहाचा झेब्रा' झालं, संग्रहालयाचं मंडळ घाबरलं, साहेबांनी हुकूम काढला की चूक दुरुस्त करा. बाबांनी ब्रश खाली ठेवला. तो उचलला कुणी? तपकिरी रेघांवर पांढरा रंग मी नाही लावला, घुम्या. तू लावलास, नऊ दिवस बसून. नंतर सहा महिन्यांत बाबांनी नोकरी सोडली आणि त्या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मी बोलले म्हणून तू मला दार बंद केलंस. तू रंगवलंस म्हणून तुला कुणी काय केलं?

आणि निघालं काय त्यातून? दालन बंद झालं नाही, वाचनालय उघडलं नाही. आमच्या एवढ्या मोठ्या चळवळीने बदललं ते एका झेब्र्याचं ढुंगण.

आता तुझ्या प्रश्नाला उत्तर. मला तिथे काय सिद्ध करायचं आहे? खरं सांगते, मला बघायचं आहे. अकरा वर्षं मी ते हसू ऐकते आहे आणि दर वेळी मनात एकच येतं: निदान मी बरोबर तरी होते ना? बाबांनी सभेनंतर जिन्यात मला गाठलं होतं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कातडं तसंच आलं होतं." मला वाटलं, मालावर ढकलतायत. एखादा शिंपी कापडाला नावं ठेवतो तसं.

तुला विचारते, कारण तू त्यांच्याबरोबर कार्यशाळेत बसायचास: त्या रेघांबद्दल ते तुला कधी काही बोलले होते का?

ताई


२१ एप्रिल

घुम्या,

बस. एकटा असताना वाच.

तुझ्या उत्तराची वाट बघवेना, म्हणून मी तंबूनिवासातल्या त्या बाईला पुन्हा फोन लावला. सरळ विचारलं: तुमच्या झेब्र्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांत कधी तपकिरी रेघ असते का? मला 'नाही' ऐकायचं होतं. ती म्हणाली, "नाही, आमच्याकडे सहसा नसते." माझ्या खांद्यांवरून ओझं उतरलं असं वाटलं, अगदी तेवढा एक क्षण. मग तिने नकाशाकडे वळून बोट खाली सरकवलं, खंडाच्या पार तळाकडे. म्हणाली, "तशी रेघ हवी असेल तर तुम्ही चुकीच्या उद्यानात येताय. दक्षिणेच्या झेब्र्यांना असते. आम्ही तिला सावली म्हणतो. पट्ट्याची सावली."

मी विचारलं, आणि पाय?

"दक्षिणेला जाल तसे पायांवरचे पट्टे कमी होत जातात. काहींचे खालचे पाय जवळजवळ पांढरेच."

चहा आणि पायमोजे. दोन्ही.

त्यानंतर ती "हॅलो, हॅलो" करत होती. तिला वाटलं फोन तुटला. मला ओळखणाऱ्या कुणालाही असंच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी इथलं ग्रंथालय उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले. ग्रंथपाल म्हणाला, "बाई, आज कुणाविरुद्ध?" मी म्हटलं, प्राणी विभाग कुठे आहे. तीस वर्षं त्या इमारतीत जाते आहे, सगळ्या क्रांत्या, सगळे खटले, सगळे तत्त्वज्ञ वाचले, आणि तो विभाग कुठल्या मजल्यावर आहे ते मला माहीत नव्हतं. तळघरात आहे. चौथ्या पुस्तकात फोटो सापडला. दक्षिणेकडचा झेब्रा, डावी बाजू, सकाळचं ऊन. जाड काळा पट्टा, मग पांढरं, त्याच्या मधोमध कुणी ओल्या बोटाने ओढावी तशी फिकट तपकिरी रेघ, मग परत काळा. मागच्या अंगावर ठळक, खांद्याकडे जाता जाता नाहीशी. मी ती रेघ ओळखली. घुम्या, ती बाबांची रेघ होती. जाडीसुद्धा तीच.

नऊशे सभा केल्या असतील मी. समोरचा खोटं बोलतोय हे त्याच्या श्वासावरून ओळखायचे. आणि जिन्यात माझ्या बापाने मला संपूर्ण, अचूक स्पष्टीकरण चार शब्दांत दिलं होतं, ते मला सबब वाटलं. कातडं तसंच आलं होतं. यापुढे त्याने आणखी काय सांगायला हवं होतं? त्याने पाहिलं होतं, हातात धरलं होतं, भिंगाखाली तपासलं होतं. मी एक माहीत असलेली गोष्ट बोलले होते, जी बालवाडीतल्या पोरालाही माहीत असते.

मी त्या पहिल्या, पूर्व आफ्रिकेतल्या उद्यानाचं आरक्षण रद्द केलं. विचार कर, तिथे गेलो असतो तर काय झालं असतं. हजारो झेब्रे, सगळे स्वच्छ काळे-पांढरे. बाबांनी कडेच्या नजरेने पाहिलं असतं आणि काहीच बोलले नसते, आणि मी परतीच्या विमानात मनातल्या मनात जिंकले असते. एका चुकीच्या उद्यानामुळे मी जन्मभर बरोबर राहिले असते.

दक्षिणेतल्या एका उद्यानाला लिहिलं आहे. तुला एकच विनंती. संग्रहालयाची आवक नोंदवही तुझ्याच विभागात असते, कुठली वस्तू कुठून आली त्याची. तो झेब्रा कुठून आला, एवढं बघून सांग. मला खात्री आहे, तरी लिहिलेलं हवं.

ताई


९ मे

घुम्या,

तुझं पत्र परवा मिळालं. मी दोन दिवस त्याला उत्तर लिहिलं नाही. तूच बघ, कधी झालंय असं?

तुझी वाक्यं इथे पुन्हा लिहून काढते, कारण ती एकदा माझ्या हाताखालून जायला हवीत. "नोंदवही मी तेव्हाच पाहिली होती. कातडं दक्षिणेचं. बाबांनीच पान उघडून दाखवलं होतं. मी तेव्हा तीनच महिन्यांपूर्वी नोकरीत कायम झालो होतो, साहेब म्हणाले रंग लाव, लावला. पांढरा रंग बाबांनी कालवून दिला. म्हणाले, तू कालवलास तर वर्षात पिवळा पडेल."

यावर मला पाऊण तास बोलता आलं असतं. नाही बोलणार. फक्त एवढंच की मी तुझ्यावर रागावलेली नाही. अकरा वर्षं तू माझ्यावर जेवढा चिडलास त्यातला अर्धा राग तुझा तुझ्यावरच होता, हे मला आता कळतं, आणि उरलेला अर्धा माझ्या हक्काचा आहे. तो मी घेते.

आता नवं ऐक. दक्षिणेच्या उद्यानातल्या वाटाड्याशी बोलले. वयस्क आहे, सावकाश बोलतो, प्रत्येक उत्तराआधी थांबतो. तुमच्यातलाच. मी बाबांच्या डोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, गाडीतून हिंडू नका. हलत्या गाडीतून तरुणांनाही धड दिसत नाही. त्यांच्याकडे एका पाणवठ्याच्या काठाशी जमिनीत अर्धी पुरलेली खोली आहे. उतार आहे, पायऱ्या नाहीत. आत बाक, आणि डोळ्यांच्या उंचीवर लांबट फट, तिच्यासमोर पाणी. बाहेरून बघणाऱ्या जनावराला ती मातीचा उंचवटा वाटते. सकाळी साडेसातला जाऊन बसायचं आणि गप्प राहायचं. आठनंतर झेब्रे येतात. लगेच पीत नाहीत, म्हणाला, पाव तास नुसते उभे राहतात, कान फिरवत, एकमेकांच्या पाठीवर मान टाकून. मग एक पुढे होतो आणि बाकीचे मागोमाग. आठ-दहा पावलांवर. पाणी पिताना ते आडवे उभे राहतात.

मी विचारलं, समोरचं दिसत नसेल तर? तो मग म्हणाला, "तुमच्या वडिलांना मान थोडी वळवून बसायला सांगा. माझ्या आईला तसंच होतं. ती अंगणातल्या कोंबड्या बाजूने बघून मोजायची आणि कधी चुकायची नाही."

सोळा ते वीस ऑगस्ट त्याने आपल्यासाठी धरून ठेवलेत. तिघांसाठी. हो, तूही. पण पंचवीस मेपर्यंत कळवायचं आहे, नाहीतर ती खोली दुसऱ्या कुणाला जाते, आणि पुढच्या वर्षीच्या हंगामाचं बाबांच्या बाबतीत काही खरं नाही. तुझ्या बायकोने डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलं: ऑगस्टमध्ये बाजूच्या नजरेने रेघ दिसण्याइतपत दिसेल. डिसेंबरचं ते सांगत नाहीत.

आणि काल कागद भरताना माझा हात थांबला. प्रवाशाची सही, असा रकाना आहे. घुम्या, दोन महिने आपण भांडतोय. मी म्हणते नेणार, तू म्हणतोस येणार नाहीत. मी गुडघे विचारले, गोळ्या विचारल्या, पासपोर्ट विचारला. तू मला त्यांच्या वतीने नकार लिहून पाठवलास. तुझ्या बायकोला कालच विचारलं, बाबांना यातलं काय माहीत आहे? ती म्हणाली, काहीच नाही, पत्रं आली की हे खणात ठेवतात.

म्हणजे त्या झेब्र्याच्या वेळी जे केलं तेच आपण परत केलं. सभेआधी मी त्या रेघांबद्दल त्यांना विचारलं नव्हतं. मंडळाने विचारलं नाही, साहेबांनी विचारलं नाही. तुला तर त्यांनी स्वतःहून दाखवलं, तरी तू पुढे कुणाला सांगितलं नाहीस. बाबा गप्प असतात हे खरं, पण त्यांना प्रश्न विचारून त्याच्या उत्तरासाठी आपल्यापैकी कोण कधी थांबलं? मी तर पुढचं वाक्य तयार ठेवूनच विचारायचे.

म्हणून इथून खालचं त्यांच्यासाठी आहे.

बाबा, मी बोलते आहे. आवाज याचा असला तरी बोलणं माझं आहे. तुमचा झेब्रा बरोबर होता. पट्ट्याची सावली, विरत गेलेले पाय, सगळं बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ज्या गोष्टीची मला काही माहिती नव्हती तिच्यावर मी अडीचशे माणसं हसवली, तुम्ही समोर असताना. दालन बंद व्हावं असं मला अजूनही वाटतं, ते भांडण आपण समोरासमोर बसून करू. पण ती रेघ ओढणारा हात त्या इमारतीत सगळ्यांत जास्त जाणणारा होता, हे मी त्याच दालनात, त्याच जागी उभी राहून पुन्हा सभा घेऊन सांगणार आहे. मंडळाला पत्र गेलं आहे. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी सांगणार.

दुसरी गोष्ट. जिथून ते कातडं आलं त्या बाजूला एक पाणवठा आहे. सकाळी आठनंतर तिथे झेब्रे येतात आणि आडवे उभे राहून पाणी पितात. तुम्ही यावं अशी माझी फार इच्छा आहे. पण मी ठरवणार नाही. तुम्हाला यायचं आहे का? नसेल तर नाही म्हणा, मी एका शब्दाने वाद घालणार नाही. आणि हो म्हणालात, तर तिथे मी बोलणार नाही. तुम्हाला दिसेल तसं तुम्ही सांगा, मी ऐकेन.

घुम्या, आता तू. येत्या रविवारी सकाळी, त्यांचं आटोपलं की, खिडकीपासून जरा लांब बस, उजेड त्यांच्या डोळ्यांवर येतो. उजव्या बाजूला बस, त्या कानाने त्यांना नीट ऐकू येतं. खण उघड, पाचही पत्रं बाहेर काढ आणि पहिल्या ओळीपासून त्यांना मोठ्याने वाचून दाखव. तू कुठले भाग गाळशील ते मला माहीत आहे. त्यातला एक माझ्या लाजेचा आहे आणि एक तुझ्या. तेही वाच.